झुलेखाच्या मेंदूतला म्हातारा कारागीर

मित्रांनो, आरशात कितीही न्याहाळले तरी मी तुम्हाला दिसणार नाही. पण तुमच्या प्रत्येकाच्या मेंदूत माझे भाऊबंद राबत असतात. मी जुन्या वळणाचा एक विकर, म्हणजे एन्झाइम. शास्त्रज्ञ मला प्रोटीन कायनेज म्हणतात. खरे तर आम्ही झिजतो, मोडतो आणि आमच्या जागी नवे घडतात. पण काम तेच, घर तेच, म्हणून सगळ्यांच्या वतीने मीच बोलतो. माझे घर म्हणजे पिंपरीच्या बरकत मिस्त्रीच्या मुलीच्या, झुलेखाच्या, मेंदूतली एक पेशी.

मुलगी काही शिकू लागली की पेशीत कॅल्शियम येते आणि मला उठवते. मग मी फॉस्फेटचा कण उचलून एखाद्या प्रथिनाला चिकटवतो. तेवढ्याने दोन पेशींमधली गाठ घट्ट होते आणि ऐकलेले लक्षात राहते. आभार मात्र लोक मास्तरांचे मानतात.

१९७५ साली झुलेखा पहिलीत गेली, तेव्हा आम्ही जोरात होतो. एकदा ऐकले की तिचे पाठ. शाळेतल्या नीलाबाई तिला स्टुलावर उभी करून वरच्या वर्गासमोर पाढे म्हणायला लावत. बरकतची छाती फुगे. चौथी पास झाली तर हायस्कूल, नाही झाली तर घरकाम, असे त्याने तेव्हाच ठरवून टाकले होते.

बरकत लॉऱ्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करी. शेडमध्ये जुन्या प्लेटा वितळवून शिसे ओतायचे. धूर छातीत बसू नये म्हणून मालक अण्णासाहेब कामगारांना रोज गूळ वाटत. गुळाने छाती साफ होते, यावर सगळ्यांचा भरवसा. बरकत मात्र आपला खडा खात नसे. राखाडी झालेल्या हातांनीच तो फडक्यात बांधी आणि घरी आल्याबरोबर लेकीच्या तळहातावर ठेवी.

"खा गं," तो म्हणे. "डोकं चालतं याच्यानं."

झुलेखा बोटे चाटूनपुसून खाई. गुळाबरोबर शिसे आत आले. ते कॅल्शियमचे सोंग घेऊन आले आणि मी फसलो. शिकायला काही नसताना ते मला उठवी आणि भलत्याच प्रथिनांना फॉस्फेट चिकटवायला लावी. फळ्यावर खरेच काही नवे आले की बिचाऱ्या कॅल्शियमची वाटच अडवी. मी नुसता ताटकळत राही.

दुसरीत पाढे अडखळले. तिसरीत कालचा धडा आज नवा वाटू लागला. नीलाबाईंनी तिला शेवटच्या रांगेत बसवले आणि मुली तिला मठ्ठ म्हणू लागल्या. घरी बरकत पाढा विचारी, तो तिला आठवत नसे, मग पाठीत धपाटा बसे. आई खैरुन्निसा मध्ये पडली तर तिलाही बसे. पाढा टिकत नव्हता. धपाटे मात्र पक्के बसले. भीतीची हाक एवढी मोठी असते की माझ्यासारख्या अर्धमेल्यालाही ऐकू येते. तेही मीच जपून ठेवले आणि त्याची मला आजही चीड येते.

मारून झाले की बरकतला वाईट वाटे. पोरीला गूळ कमी पडतोय असे त्याच्या मनाने घेतले. शेजारी काम करणाऱ्या दत्तोबाचाही खडा तो मागून आणू लागला.

चौथीत झुलेखा नापास झाली. नीलाबाई घरी आल्या. पोरगी मुळात हुशार होती, आणखी एक वर्ष बसवा, असे त्यांनी परोपरीने सांगितले. बरकतने मान हलवली.

"न्हाई बाई. आमी तोंडचा घास काढून हिला दिला," तो म्हणाला. "हिचं डोकंच फुटकं हाय."

त्याने दप्तर काढून घेतले. झुलेखा हुंदके देऊ लागली, तसे त्याला राहवेना. त्याने फडके सोडले आणि दोन्ही खडे तिच्या हातावर ठेवले. ती रडत रडत खात राहिली.

मित्रांनो, कामावरून आलेल्या हातांवर तुमचे कितीही प्रेम असो, आधी ते धुवायला लावा आणि मगच त्यांतला खाऊ घ्या. झुलेखाला हे सांगायला कोणी नव्हते. आता कोणी सांगितले, तरी तिच्या लक्षात राहणार नाही.