राक्षसाचं पडसं

मुलांनो, एक लांबट खोली डोळ्यांसमोर आणा. ग्रंथालयाच्या मागची. खिडकीखाली टेबल, त्यावर दाभण, दोऱ्याचं रीळ, खळीचं भांडं. आणि टेबलामागे, चष्मा कपाळावर चढवलेले एक काका. एकतीस वर्षं ते फाटकी पुस्तकं शिवताहेत. त्यांना सगळे खळकाकाच म्हणतात. दिसले? आता दाराकडे बघा. ग्रंथपालबाई आल्यात, आणि त्यांच्या हातात ‘राक्षसाचं पडसं’ नावाची कादंबरी आहे.

“काका, ही रद्दीच्या गठ्ठ्यातून तुम्ही काढलीत?”

“हो.”

“अहो, पाच वर्षांत एकानेही घरी नेलेली नाही. आत चिकटवलेली नावांची चिठ्ठी बघा, कोरी! संध्याकाळी टेम्पो येतोय.”

खळकाकांनी बाईंशी आजवर कधी वाद घातला नव्हता. त्यांनी उगाचच हात पुसले.

“बाई, न वाचलेलं पुस्तक फाटत नाही. हे मी पाच वर्षांत चार वेळा शिवलंय.”

“मग चिठ्ठी कोरी कशी?”

“ठेवलंय मोठ्यांच्या कपाटात, म्हणून मुलांच्या कार्डावर मिळत नाही. आणि मोठ्यांना न्यायला लाज वाटते. मुखपृष्ठावर नाकाला रुमाल लावलेला राक्षस ना! मग सगळे इथेच बसून वाचतात. ते खिडकीतले वकीलसाहेब जाड्या पुस्तकाच्या आत काय धरतात, बघा एकदा.”

“तुमच्या सांगण्यावरून नियम बदलू?”

काकांनी पुस्तक टेबलावर उभं धरलं आणि सोडून दिलं. ते आपोआप उघडलं. पान बासष्ट. पुन्हा सोडलं. पुन्हा बासष्ट.

“जिथं जास्त हात लागतात, तिथंच उघडतं. माझं राहू द्या. वाचा तुम्ही.”

बाई उभ्याउभ्याच वाचू लागल्या. राक्षस शिंकतो आणि राजा सिंहासनासकट उडून थेट सासूबाईंच्या अंगणात आदळतो. सासूबाई मानही वर न करता म्हणतात, “आलाच आहात तर पाय पुसून आत या. ती खुर्ची मात्र बाहेरच ठेवा.”

बाईंनी ओठ घट्ट मिटले. खांदे हलले. आणि मग त्या अशा खो खो हसल्या, की बाहेर वाचणाऱ्यांनी माना वळवल्या.

जिन्याखालून आणखी एक हसू आलं. तिथं रोज अंगाची घडी करून वाचत बसणारी एक मुलगी, सगळ्यांची खारुताई.

“सासूबाई ना?” ती म्हणाली. “मलाही तिथंच येतं!”

बाईंनी डोळे पुसले आणि रद्दीच्या यादीतली ती ओळ खोडली. “आजपासून हे दोन्ही कार्डांवर मिळेल.”

खारुताई धावतच आली. कोऱ्या चिठ्ठीवर पहिलं नाव तिनं आपलं लिहिलं आणि पेन काकांपुढे धरलं. “आता तुम्ही.”

“अगं, मी इथं कामाला. माझं कुठलं कार्ड?”

“मग शिवताना वाचत नव्हतात?”

काका चक्क लाजले. “खळ वाळायला वेळ लागतो गं. तेवढ्यात आपलं... दोन-चार पानं.”

“त्यालाच वाचणं म्हणतात, काका,” बाई म्हणाल्या. त्यांनी खणातून कोरं कार्ड काढलं, भरलं, सही केली आणि एकतीस वर्षांनी ते खळकाकांच्या हातात दिलं. काकांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि स्वतःचं नाव सावकाश वाचलं.

तेवढ्या वेळात खारुताईनं चिठ्ठीवरचं आपलं नाव खोडलं. पहिल्या ओळीत काकांचं लिहिलं, खाली आपलं. मग पुस्तक त्यांच्या हातात ठेवून बजावलं,

“आठ दिवसांत परत हं, काका. उशीर केलात, तर मी शिंकेन.”