चकाचक टाकी

आमच्या शाळेमागे एक टाकी आहे. डब्यांतलं उष्टं, भाज्यांची देठं, फळांची सालं सगळं तिच्या पोटात जातं, कुजतं आणि त्याचा गॅस होतो. त्यावर कँटीनच्या मावशींचा चहा उकळतो. टाकी सांभाळते मी. गेल्या वर्षी हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायचे. आता अख्ख्या शाळेचं उष्टं माझ्या हुकमावर चालतं. याला म्हणतात प्रगती!

शाळेला ही टाकी देणगी म्हणून देणाऱ्या आजी शनिवारी ती बघायला येणार होत्या. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, बजावलं, "त्यांच्यासमोर शेगडी पेटलीच पाहिजे. नाहीतर ही घाण काढून कारंजं बसवते!"

एवढ्यावर थांबतील तर त्या मोठ्या बाई कसल्या! शुक्रवारी आम्ही घरी गेल्यावर त्यांनी टाकी उपसून, फिनाईलने घासून घेतली आणि वर अत्तर शिंपडलं. पाहुण्यांना वास नको ना यायला!

शनिवारी मावशींनी काडी ओढली. शेगडी ढिम्म.

"काय गं, टाकी रुसली का तुझी?"

"रुसली नाही मावशी, आंघोळ घालून मारलीय तिला."

गॅस करतात ते त्या घाणीतले जंतू. आणि जंतू मारणं हेच फिनाईलचं काम. त्याने ते चोख बजावलं होतं. विज्ञानाच्या सरांनाही कळलं होतं. ते छत न्याहाळत होते.

"ओट्याखाली सिलिंडर लावा," मोठ्या बाई कुजबुजल्या. "आणि तू, तोंड बंद!"

आजी आल्या, निळी ज्योत बघून खूश झाल्या. "वा! टाकीला घाण वाससुद्धा नाही!"

गप्प बसले तर टाकी राहणार, पण मेलेलीच. बोलले तर कारंजं.

"वास येणार कुठून, आजी? हा सिलिंडर आहे. टाकी कालच फिनाईलने घासलीय."

"कोणी?"

सगळे छत बघायला लागले. छताचे एवढे लाड कधी झाले नव्हते.

"मीच," मोठ्या बाई पुटपुटल्या. "स्वच्छता म्हणून..."

आजींनी मला विचारलं, "आता जिवंत कशी करायची?"

"साध्या पाण्याने खूपदा धुवायची. मग ताजं शेण कालवून भरायचं. गॅस धरायला काही आठवडे लागतील."

"मग आजच लागा. ज्यांनी मारली, त्यांनीच कालवायचं."

दुपारी गोठ्यातून शेण आलं. मोठ्या बाईंनी हातमोजे मागितले. मी अगदी आदराने दिले.

"बाई," मी म्हणाले, "गुठळ्या राहू देऊ नका हं."