चौसष्ट गाठी

"आजपासून कुणाला एक छदामही द्यायचा नाही," वकीलसाहेब म्हणाले. "घेणेकरी दारात येऊन रडला तरी नाही."

दौलतराव खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते. अकोल्याच्या वकिलाच्या खुर्चीत पुरतं टेकून बसायची त्यांची छाती होत नव्हती. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि ती उगाच चाचपत होते.

"दूधवाल्यालेबी नाई?"

"मागची बाकी असेल तर नाही. आजचं दूध रोखीनं घ्या आणि प्या. बाकी यादीत जाईल. अहो, नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा अर्ज करायचा म्हणजे कोर्टापुढे सगळे घेणेकरी सारखे. आता एकाचं भागवलंत आणि दुसऱ्याला ठेवलंत, तर कोर्ट म्हणेल, यानं आपल्या माणसाचं आधी पाहिलं. मग त्याच्याकडून ते पैसे परत ओढून घेतील आणि तुमचा अर्ज अडकेल तो वेगळाच."

दौलतरावांनी मान हलवली. कळलं सगळं, पण पटलं मात्र काही नाही.

वाशीमच्या भाजीबाजारात त्यांची अडत होती. गावाभोवतीच्या मळ्यांतल्या टोपल्या पहाटे त्यांच्यापुढे उतरायच्या, ते लिलाव पुकारायचे, आपली दलाली कापून माळ्यांचे पैसे हातावर ठेवायचे. तीस वर्षं हेच केलं. दोन वर्षांपूर्वी, म्हणजे बावन्न साली, काय बुद्धी झाली कोण जाणे, कांद्याच्या दोन वॅगनी हैदराबादेला धाडल्या आणि तिकडचा व्यापारी मालासकट गडप झाला. दुसरा कुणी असता तर तेव्हाच हात वर करून मोकळा झाला असता. दौलतरावांनी बाजारातल्या सावकार सेठकडून कर्ज काढलं आणि कांदेवाल्यांचा पैन्‌पै चुकता केला. मग सेठचं व्याज द्यायला आणखी एकाकडून घेतलं, त्याचं द्यायला तिसऱ्याकडून. दोन वर्षांत कुणाचा पैसा एक दिवस उशिरा गेला नाही. बाजारात त्यांचं नाव खणखणीत राहिलं आणि ते स्वतः गळ्यापर्यंत बुडाले.

"देणं तेव्हाच थांबवलं असतंत, तर आज इथं आला नसता," वकीलसाहेब म्हणाले.

"थांबवाव कसं, साहेब? लोकायचे पैसे व्हते ना."

वकीलसाहेबांनी वही पुढे ओढली. सेठपासून दूधवाल्या चंपतपर्यंत अकरा नावं उतरवून झाली. "आणखी कुणी? आठवून सांगा. यादी खरी आहे म्हणून शपथेवर सही करायची आहे."

दौलतरावांचा हात कोपरीच्या खिशाकडे गेला. खिशात अंबाडीच्या दोरीचं एक भेंडोळं होतं.

"कोनी नाई," ते म्हणाले.

दोरी प्रयागबाईची होती. अक्षरओळख नसलेल्या माळणी आपले पैसे अडत्याकडे ठेवत, तेव्हा कागद होत नसे. दोन दोऱ्या घ्यायच्या, रुपयामागे दोहींना एकेक गाठ मारायची, एक अडत्यानं ठेवायची, एक बाईनं. पैसे परत नेताना दोघांनी समोरासमोर बसून दोन्ही दोऱ्यांच्या गाठी सोडायच्या. एकट्यानं सोडलेली गाठ बाजारात कुणी धरत नसे. बाकीच्या बायका सणावाराला पैसे नेऊन दोरी मोकळी करत. प्रयागबाईनं सात वर्षांत एकही गाठ सोडली नव्हती. तिला घरावर पत्र्याची टिनं टाकायची होती. चौसष्ट गाठी झाल्या होत्या.

ती वहीत नव्हती, म्हणजे कोर्टाला दिसणार नव्हती. परतीच्या गाडीत दौलतरावांनी मनाशी ठरवूनच टाकलं. अडतीचे शेवटचे सत्तर रुपये घरात होते. जगाचं बुडालं तरी त्या बाईचं बुडू द्यायचं नाही.

घरी आले तर अंजनाबाई दारातच बसलेल्या. तोंड उतरलेलं.

"चंपत येऊन गेला," त्या म्हणाल्या. "एकतीस रुपये मांगत व्हता. म्हैस आजारी हाय म्हने. तुमी वकिलाले भेटून येईस्तवर कोनाले काई देऊ नोको म्हनून गेलते, म्हून मी नाई म्हनलं. माह्या तोंडून पयल्यांदा नाई निंगालं, अवो. तरी त्यानं दूध मोजून देल्लं अन् गेला."

दौलतराव पाय धुता धुता थांबले. मग हळूच म्हणाले, "सत्तर रुपये काढ. सकाळी प्रयागबाईकडं जातो."

"वकील काय म्हनला?"

"वकिलाले दोरी नाई दाखवली."

अंजनाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तीस वर्षांच्या संसारात हा माणूस खोटं बोललेला त्यांना ठाऊक नव्हता. बोलता आलं असतं तर कांद्यातच सावरला असता. "बरं केलं," त्या म्हणाल्या आणि डबा काढायला आत गेल्या.

प्रयागबाईचा मळा अनसिंगच्या वाटेवर होता. जेमतेम अर्धा एकर, वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. कडेला तिचं घर, वर गवताचं छप्पर, दोन ठिकाणी पोतं टाकून दाबलेलं. ती वांगी तोडत होती. दौलतरावांना पाहून कंबर धरून उभी राहिली.

"काहून रे दौलत? आज तू मळ्यात?"

"बाई, तुमचे पैसे आनले."

"म्या कुठं मांगले?"

"घेऊन ठेवा. टिनं टाका." त्यांनी चौसष्ट रुपये तिच्या पदरात ठेवले आणि दोरी काढली. "तुमची दोरी आना, सोडून टाकू."

म्हातारीनं नोटा मोजल्या. मोजताना तिचं तोंड खुललं, टिनं तिला दिसायला लागली असणार. ती आतून आपली दोरी घेऊन आली, दोघं बांधावर समोरासमोर बसले. पहिल्या गाठीला नख लावता लावता दौलतराव म्हणाले, "एक करजा बाई. मी पैसे देल्ले हे कोनाले सांगू नोका."

प्रयागबाईचं नख गाठीवरच थांबलं.

"काहून?"

आता सांगावंच लागलं. कांदा, सेठ, वकील, अर्ज, यादी.

"त्या यादीत कोन कोन हाय?"

"सेठ हाय. किरानावाला. चंपत."

"चंपतले किती भेटन?"

"वकील म्हनते, रुपयाले तीन आने भेटले तं भेटले."

"अन् मले पुरे?"

"तुमी इस्वासानं ठेवले व्हते, बाई."

"अन् त्यानं दूध काय बिनइस्वासानं देल्लं तुले?" म्हातारीचा आवाज चढला. "त्याची म्हैस आजारी हाय, ठाव हाय का? माहे सात वर्षाचे पैसे, उजागरीचे, अन् मी ते चोरावानी पदरात लपवू? टिनं टाकली का सारं गाव पुसन, प्रयागे, पैसे कुठून आले? काय सांगू? दौलत बुडाला तवा मी मांगच्या दारानं घेऊन आली?"

दौलतरावांना मान वर करवेना.

तिनं पदर सोडला आणि नोटा त्यांच्या मांडीवर ठेवल्या. "हे कोर्टात ने. अन् माहं नाव लिव. प्रयागबाई भ्रतार नानाजी, पुरं लिवजो. सेठचं लिवलं तसंच."

"बाई, फक्त बारा रुपये येतीन."

"येऊ दे बारा." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते तिनं लपवलं नाही. "मले तुहा लय राग आला हाय, दौलत. आज मी तुले च्याबी नाई पाजनार. जाय."

ते निघाले. वाटेला लागल्यावर मागून हाक आली. "दोरी संभाळून नेजो!"

आठ दिवसांनी अकोल्याच्या कोर्टात बारावं नाव चढलं. वकीलसाहेब चिडले, मग हसले. कारकुनानं टेबलावरचं भेंडोळं पेनाच्या टोकानं उचललं. "हे काय?"

"पावती हाय, साहेब."

"यावर सही कुठं आहे?"

"सही नाई. गाठी हायेत. मोजून घ्या."

कारकुनानं वकिलाकडे पाहिलं, वकिलांनी मान डोलावली. मग त्या माणसानं खरंच मोजल्या, ओठ हलवत. एकदा चुकला आणि पहिल्यापासून पुन्हा मोजल्या. दौलतराव हात जोडून उभे होते. पुढे अडत गेली, गाळा गेला, पितळी तराजू गेला. तराजूला दुसऱ्याचा हात लागला तेव्हाही ते असेच उभे होते.

निकाल लागायला वर्ष गेलं. रुपयाला तीन आणे पडले. प्रयागबाईनं अंगठा उठवून बारा रुपये घेतले आणि त्या दिवशी दोघांनी बारा गाठी सोडल्या. "सुटलात," वकीलसाहेब दौलतरावांना म्हणाले. "कायद्यानं आता तुमच्याकडे कुणाचं काही निघत नाही."

दौलतराव दुसऱ्याच्या अडतीवर मापारी म्हणून लागले. तीस वर्षं ज्या ओट्यावर बसून लिलाव पुकारला, त्याच ओट्याखाली उभं राहून पोती तोलायची. लाज पहिला महिनाभर वाटली, पुढे तिचीही सवय झाली. दर आठवडी बाजाराला मजुरीतला एक रुपया ते वेगळा काढत.

पावसाळा सरता सरता ते मळ्यात आले. गवताच्या छपरावर आता तीन ठिकाणी पोती होती. प्रयागबाई सांबाराच्या जुड्या बांधत होती. त्यांनी रुपया तिच्यापुढे ठेवला.

"हे काय? कोर्टानं तं सोडलं म्हने तुले."

"कोर्टानं सोडलं."

तिनं रुपयाकडे पाहिलं, हात लावला नाही. "चंपतले देल्ला?"

"त्याले पयले देल्ला. मंग किरानावाल्याले. साऱ्याइले एकेक झाला, तुमी शेवटच्या."

"सेठले?"

"त्यालेबी नेऊन देल्ला. हासला तो."

"हासू दे." म्हातारीनं रुपया उचलून कमरेला खोचला. मग बोटांवर काहीतरी मोजू लागली. बारा जणं, दर बाजाराला एक रुपया, तिची पाळी तीन महिन्यांनी. बावन्न गाठी. तिनं मोजणं मध्येच सोडून दिलं. "तवरोक मी जगन काय रे?"

"मी तरी जगन काय, बाई?"

ती उठली, आधी चुलीवर चहाचं भांडं ठेवलं आणि मग दोरी घेऊन बाहेर आली. दौलतरावांनी खिशातून आपली काढली. गाठ आठ वर्षांची, पावसानं आवळून दगडासारखी झालेली. तिच्या नखांना ती दाद देईना, त्यांना डोळ्यांनी नीट दिसेना. मग दोघंही वाकले, तिनं दोरी ताणून धरली आणि ते गाठीत नख घालत राहिले.

"हळू," ती म्हणाली. "तुटन. अजून लय दिवस पुरवाची हाय."