कड्याच्या आतले तीन ठिपके

"आजी, तज्ज्ञ म्हणतात हा बनावट आहे." जुने कॅमेरे जमवणाऱ्या त्या माणसानं माझ्या टेबलावर मखमली पेटी उघडली. "युद्धाच्या त्या साली तुमच्या कारखान्यात एकही कॅमेरा झाला नाही. कागदोपत्री फक्त बंदुकीच्या दुर्बिणी आहेत."

"कागद साहेबांनी लिहिले. काचा आम्ही घासल्या. मग खरं कोणाला ठाऊक?"

"म्हणून तर आलो. काच खात्यातल्या तुम्ही एकट्याच उरलात."

"उरले नाही, टिकले!"

खिडकीशी बसलेला माझा पुतण्या हसला. साठी उलटली त्याची. मीच वाढवला. माझी धाकटी जाऊ याला दोन महिन्यांचा सोडून गेली. त्या दिवशी कामाची पाळी तिची होती, बाळ माझ्याकडे होतं, आणि बॉम्ब काच खात्यावर पडला. जन्मभर कॅमेऱ्याच्या काचा घासणाऱ्या बाईचा एकही फोटो नाही. "आई कशी होती?" म्हणून हा विचारायचा. मी म्हणायची, "माझ्यापेक्षा बरी घासायची." एवढ्यानं पोराचं काय समाधान होणार?

"त्या साली एकच झाला," मी म्हटलं. "दुर्बिणीच्या नापास काचांतल्या बऱ्या काचा जावेनं जेवणाच्या डब्यात लपवल्या. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघींनी जुळवला. बाळाचा फोटो काढायचा होता तिला. शटर बसवायला मुकादमानं घरी नेला, आणि बॉम्बनंतर तो गाव सोडून गेला. तोच हा असेल, तर भिंगाच्या कड्याच्या आत तीन ठिपके सापडतील. तिला अक्षर येत नव्हतं. ठिपके हीच तिची सही."

पुतण्याचं हसू थांबलं.

औषधाच्या बाटलीचं रबरी बूच मी भिंगाच्या कड्यावर दाबून फिरवलं.

"आजी, हळू हो!"

"तुझा जन्म नव्हता तेव्हापासून फिरवतेय. गप बस."

कडं सुटलं. मी ते उजेडात धरलं. सुईनं टोचलेले तीन ठिपके. मी कडं पुतण्याच्या हातात दिलं. तो बोटाच्या टोकानं ठिपके चाचपत राहिला, एकदा, दोनदा, परत.

"खराच की हो!" तो माणूस म्हणाला. "आता काचेच्या कपाटात ठेवीन."

"कपाटासाठी नाही केला तिनं. दुकान कोपऱ्यावर आहे. रील आण."

"आजी, असे कॅमेरे कोणी वापरत नाही..."

"मी वापरते. ऊठ!"

तो माणूस उठून दुकानात गेला. आला तोवर मी कडं बसवून ठेवलं होतं. रील घातल्यावर मी भिंगावर हलकेच श्वास सोडला. काच अशीच पारखायचो आम्ही. वाफ कडेपासून मधोमध एकसारखी सरली, कुठे डाग नाही. तिचाच हात.

"काकू, केस तरी विंचरतो."

"विंचरायला उरलेत किती? हनुवटी वर कर. इकडे बघ, आईकडे."

साठी उलटलेला माझा पुतण्या खिडकीच्या उजेडात ताठ बसला. मी बटण दाबलं.