सुरुपसिंगच्या छातीतली जाळी

मित्रांनो, मी एक जुना स्टेंट आहे. वय अवघे नऊ महिने. तरी स्वतःला जुना म्हणवतो, कारण माझे काम संपले आहे. बॉलपेनातल्या स्प्रिंगहून बारीक अशी मी धातूची जाळी. हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी आतून उघडी धरून ठेवणे, एवढेच मला येते.

शहाद्याच्या वर, सातपुड्यातल्या एका पाड्यावर सुरुपसिंग पावरा राहत असे. सरकारी योजनेतून, दूरच्या शहरातल्या रुग्णालयात, मला त्याच्या हृदयात बसवले. निष्णात हातांनी, हे मान्य केलेच पाहिजे. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच्या पायांनी बाहेर पडला, दारात त्याचा फोटो निघाला आणि अहवालात 'यशस्वी' हा शब्द पडला. विद्वानांच्या लेखी माझे आत्मवृत्त तिथेच संपते.

घरी आल्यावर त्याची बायको मोतीबाई म्हणाली, "तुझ्या छातीत सरकारने जाळी लावली. आता उंदीर तरी शिरायचा नाय." तो हसला की मीही हलत असे.

माझ्यावर रक्ताची गुठळी बसू नये म्हणून त्याला वर्षभर रोज दोन गोळ्या होत्या, सकाळी एक, संध्याकाळी एक. न चुकता घ्या, असे त्याला शुद्ध मराठीत सांगण्यात आले. का घ्यायच्या, हे पावरी बोलीत सांगायला कोणी नव्हते. अहवालात तसा रकानाच नाही.

सुरुपसिंगचा धाकटा भाऊ आमशा. त्याच्याही छातीत तसेच दुखे. चढावर तो दर दहा पावलांनी खाली बसे. मात्र वर्षानुवर्षे गुजरातेत ऊस तोडून त्याच्या बोटांचे ठसे झिजले होते. यंत्राने त्याला ओळखले नाही, म्हणून योजनेनेही ओळखले नाही. त्या घरात मोहाची फुले येवोत की नदीतले मासे, भावाचा वाटा आधी निघे. सुरुपसिंग संध्याकाळची गोळी आमशाला देऊ लागला. मोतीबाईने हटकले तेव्हा तो म्हणाला, "दुखतं दोघांना. मग गोळी मी एकट्याने कशी खाऊ?"

दर महिन्याला गावच्या आशा सेविका रमिलाबाई रिकामी पाकिटे मोजायला येत. एकही गोळी उरलेली नसे. "सुरुपदादा, तुमच्याएवढा शहाणा पेशंट माझ्या यादीत दुसरा नाही," त्या म्हणत, आणि तो लाजून मान खाली घाली. त्यांना दोष कसा देऊ? त्यांना पाकिटे मोजायला शिकवले होते. गोळी कुणाच्या पोटात गेली हे विचारायला नव्हे.

चौथ्या महिन्यात, सुरुपसिंग डोक्यावरची लाकडाची मोळी उतरवत असताना, गुठळी माझ्यावर येऊन बसली. मी ठरल्याप्रमाणे उघडा होतो. रक्तच पुढे जाईना. पाड्यावर गाडी येत नाही. बांबूला झोळी बांधून त्याला डांबरी रस्त्याकडे नेऊ लागले. एका टोकाला आमशाचा खांदा होता, आणि झोळी दर दहा पावलांनी थांबत होती. रस्ता दिसण्याआधीच सुरुपसिंग गेला.

आता मी त्याच्यासोबत मातीत आहे. मोतीबाई कधी कधी इथे येऊन त्याच्याशी बोलते, म्हणून पुढचे मला ठाऊक झाले. सहाव्या महिन्यात रुग्णालयातून फोन आला. सुरुपसिंग यांच्या छातीत दुखतं का, असे एका मुलीने विचारले. मोतीबाई खरे बोलली. "नाय बाई. आता नाय दुखत." पुढचे वाक्य सांगण्याआधीच तिकडून फोन ठेवला गेला. रकान्यात काय लिहिले गेले असेल, हे सांगायला ज्योतिषी नको. एखाद्या तक्त्यात आम्ही दोघे आजही ठणठणीत असू.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असे सांगून निरोप घेण्याची आमच्याकडे पद्धत आहे. मला जपू नका. मी गंजत नाही. माझ्याच जातीचा एक स्टेंट त्या रुग्णालयाच्या कपाटात बंद पाकिटात पडून आहे. पाकिटावर मुदतीची तारीख छापलेली असते, म्हणून तो वाया जाऊ नये याची काळजी घेणारी माणसे आहेत. आमशाच्या अंगावर तशी तारीख छापलेली नाही. तो आजही दर दहा पावलांनी खाली बसतो, आणि त्याला संध्याकाळची गोळी देणारा आता कोणी नाही.