कामोमेची दुपार

"जिना चढलं की डावीकडे," मास्तर म्हणाले. "मोरपिशी काचेचा दिवा. मला तो अजून डोळ्यांसमोर दिसतो."

"उजवीकडे," जमशेदशेठ म्हणाले. "डावीकडे संडास होता. तुमचा मुक्काम तिथेच जास्त असायचा, म्हणून तेवढंच लक्षात राहिलंय."

"तुम्ही चहा पिणारे. तुम्हाला काय कळणार?"

"शुद्धीवर फक्त मीच असायचो. म्हणून तर सांगतोय."

क्लब पीकॉक पाडून तिथे गाड्या लावायची जागा झाली, त्यालाही बरीच वर्षं झाली. पण त्या नसलेल्या इमारतीतला नसलेला दिवा नेमका कुठे होता, यावरून आमच्या कामोमेत दर आठवड्याला भांडण व्हायचं. कामोमे म्हणजे जपानमधल्या तोयामा शहरात, साकुरागिचोच्या गल्लीत, अरुंद जिन्यावरचं आमचं छोटंसं गाण्याबजावण्याचं दुकान. आठ खुर्च्या, एक काउंटर, गाण्यांचे शब्द उमटणारा एक पडदा आणि शिझुए-ममा. इथे अशा दुकानाच्या मालकिणीला सगळेच ममा म्हणतात, अगदी तिच्या वडिलांच्या वयाचे म्हातारेसुद्धा. आता ममाच अठ्ठ्याहत्तरच्या झाल्या होत्या, त्यामुळे तसे म्हातारे उरले नव्हते.

मास्तर म्हणजे वेल्सचे एमरिस. दोन वर्षं इंग्रजी शिकवून परत जायचं, असं ठरवून ऐन उमेदीत तोयामाला आले आणि राहिले ते राहिलेच. बायको इथलीच, हारुको. ती गेल्यापासून घरी रेडिओ आणि इथे आम्ही. शेठ पाकिस्तानातल्या गुजरांवालाचे. जुन्या गाड्या बंदरातून रशियाला पाठवता पाठवता केस पिकले. दारूच्या दुकानात अख्खं आयुष्य बसून कधी थेंब न घेतलेला हा एकच माणूस मी पाहिलाय. व्हिस्कीच्या ग्लासात ऊलाँग चहा घ्यायचे आणि इतरांपेक्षा मोठ्यांदा गायचे.

आणि मी. माझं नाव नेनिता. पण पीकॉकमध्ये पहिल्या संध्याकाळी व्यवस्थापकाने माझ्या छातीवर 'यूमी' अशी पाटी लावली. आधीची यूमी पळून गेली होती आणि पाटी चांगल्या स्थितीत होती. ममाही तेव्हा तिथेच कामाला होत्या. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि फिलिपिन्समधली माझी शाळा अर्धवट सुटली होती. जपानी वाचायला मी गाण्यांच्या पडद्यावरून शिकले. अक्षरांचा रंग बदलत जाईल तसतसं वाचत जायचं. त्यामुळे 'पाऊस', 'बंदर', 'अश्रू' हे शब्द आधी आले. 'वीजबिल' आणि 'विमा' यायला फार वर्षं लागली.

त्या दिवशी दिव्याचं भांडण चालू असताना ममा कोंबूत, म्हणजे समुद्री शेवाळात, गुंडाळलेला मासा कापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "महिनाअखेरीला दुकान बंद करतेय."

शेठनी चहाचा ग्लास ठेवला.

"कमरेचं हाड झिजलंय. डॉक्टर म्हणतात, जिना सोडा. हा जिना सोडला तर दुकानात काय उडत येऊ?"

"पण मग आम्ही कुठे जायचं?" मास्तरांनी विचारलं. स्टेशनात चुकलेल्या पोरासारखा आवाज होता.

"घरी जा. घर आहे ना तुम्हाला?"

"यूमी चालवेल की," शेठ म्हणाले.

मला हेच म्हणायचं होतं. गेली दोन वर्षं मनात होतं, पण तोंडातून निघत नव्हतं. मी म्हटलं, "हो ममा. मी चालवते."

"नाही."

"का?"

"माझ्या पोरीनं हे काम करू नये म्हणून तिला लग्न लावून कानाझावाला पाठवली. तिला दिलं नाही ते तुला कशाला देऊ?" आणि त्यांनी माशाची बशी माझ्यापुढे सरकवली. "खा. कारखान्यातून तशीच आलीयस, तोंड बघ."

सकाळी मी कामाबोकोच्या कारखान्यात असते. माशाच्या लगद्याच्या वड्या, लाल-पांढऱ्या, लग्नात वाटायच्या, माशाच्या आकाराच्या. दोनला पाळी सुटते. मग घर, आंघोळ, आणि संध्याकाळी कामोमे. ममांचा 'नाही' मला चांगला ओळखू येतो. तो वाद घालायला जागा ठेवत नाही. पण मी बशी रिकामी करेपर्यंत त्या माझ्याकडे बघत राहिल्या, हेही मला दिसलं.

निरोपाची कल्पना मास्तरांची. "आपण त्यांना ती रात्र परत देऊ," ते म्हणाले.

ती रात्र म्हणजे कोणती, हे आम्हाला विचारावं लागत नाही. तोयामात कंबरभर बर्फ पडला, गाड्या बंद झाल्या, टॅक्सी बंद झाल्या आणि पीकॉकमधली सगळी गिऱ्हाइकं सकाळपर्यंत तिथेच अडकली. बँकेचा साहेब बुटांशिवाय नाचला. शेठनी उर्दूत गाणं म्हटलं आणि कुणाला एक अक्षर कळलं नाही तरी एक ठेकेदार रडला. मास्तरांनी एकच गाणं सात वेळा म्हटलं आणि सातव्यांदा हारुको हसली. ती तिच्या कचेरीतल्या लोकांबरोबर आली होती. मास्तर ही रात्र सांगू लागले की त्यांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या कुठल्या कुठे जातात. मी पुष्कळ वेळा ऐकलीय. दर वेळी बर्फ थोडा वाढलेला असतो.

रात्र ठरली शनिवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी दोनची. कारण आठनंतर मास्तर पेंगतात, शेठची नमाज असते आणि ममांची कंबर धरते. शेठनी गाड्यांवर टाकायची जाड आवरणं आणून खिडक्यांवर बांधली. आत अंधार झाला आणि नव्या टायरचा वास सुटला. मास्तर त्या काळचा कोट घालून आले. खांद्यांत उशा भरल्यासारखा कोट, आणि पोटावरची बटणं एकमेकांची तोंडंही बघत नव्हती.

"कसा दिसतोय?" त्यांनी विचारलं.

"कोट चांगला आहे," शेठ म्हणाले. "आतला माणूस बदलून द्या."

ममा आल्या त्या जिन्यात दोनदा थांबून. जांभळा किमोनो, हातात काठी. सवयीने काउंटरच्या फळीला हात घालून आत शिरायला लागल्या तर मास्तरांनी वाट अडवली.

"आज तुम्ही बाहेर. खुर्चीवर. पाहुण्यासारखं."

"हे काय नाटक?"

"बसा हो," शेठ म्हणाले. "आम्ही वाढतो."

ममा खुर्चीवर बसल्या. बसल्या म्हणजे टेकल्या. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकांच्या बाजूला त्या कधी बसल्याच नव्हत्या. पाय कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना. मास्तर आत गेले आणि व्हिस्की ओतून चमच्याऐवजी पेन्सिलीने ढवळायला लागले. शेठनी गरम रुमाल द्यायच्या ऐवजी उकळता दिला. ममांनी तो या हातातून त्या हातात उडवला.

आणि मग त्यांचा हात आपसूक चालू लागला. आमच्या कामात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात. पाहुण्याच्या ग्लासाबाहेर जमलेलं पाणी कधी ओघळू द्यायचं नाही. हातरुमालाची घडी करून पुसत राहायचं, गप्पा न थांबवता, त्याच्या लक्षातही न येता. ममा खुर्चीवर बसून मास्तरांचा ग्लास पुसत होत्या, शेठचा पुसत होत्या, माझाही. स्वतःच्या ग्लासाखाली मात्र तळं साचलं होतं.

मास्तरांनी भाषण केलं. बर्फ, टॅक्सी, बुटांशिवाय साहेब, सातवं गाणं. शेवटी म्हणाले, "तसे दिवस पुन्हा येणार नाहीत. ममा, तुमची त्या रात्रीची सगळ्यात सुंदर आठवण सांगा."

ममांनी रुमालाची घडी उलटली.

"मला बर्फ संपलेला आठवतो," त्या म्हणाल्या.

मास्तर हसले. त्यांना वाटलं, गंमत आहे.

"बाहेर कंबरभर बर्फ आणि ग्लासात घालायला तुकडा नाही. बर्फवाला येणार कसा? मग बादली घेऊन मागच्या जिन्याने खाली गेले. वरचा थर काढायचा, आतला स्वच्छ घ्यायचा. रात्रभरात किती वेळा गेले असेन देव जाणे. ही होती बरोबर." त्यांनी माझ्याकडे हनुवटी केली. "हिनं बर्फ आधी कधी बघितला नव्हता. उघड्या खांद्यांचा झगा घालून बादली धरून रडत होती. मी तिला जिन्याखाली उभी केली, भाताचा गोळा दिला. ती खात होती तेवढा वेळ मी माझे पाय चोळून घेतले."

"पण गाणी?" मास्तर म्हणाले.

"तुमचं गाणं मी सातही वेळा ऐकलं, पण अर्धंच. दर वेळी अर्ध्यावर कुणीतरी बर्फ मागायचं."

मास्तरांचा चेहरा पडला तो मला बघवेना. त्या एका रात्रीवर माणसाचं लग्न उभं होतं, म्हातारपण उभं होतं.

"मग आम्ही इतकी वर्षं खोटंच सांगत आलो?" ते हळूच म्हणाले.

"खोटं कशाला?" ममा म्हणाल्या. "तुम्हाला मजा यावी हेच माझं काम होतं. तुम्हाला अजून आठवतेय, म्हणजे काम नीट झालं म्हणायचं." आणि त्यांनी मास्तरांचा ग्लास पुन्हा एकदा पुसला.

शेठ उठले. त्यांना हळवेपणा सोसत नाही, ते नेहमी काहीतरी उचलायला किंवा हलवायला जातात. त्यांनी खिडकीवरचं आवरण सोडलं. दुपारचं ऊन एकदम आत आलं. गालिच्यावरचे डाग दिसले, छताला सिगारेटींनी आलेला पिवळा रंग दिसला, आणि समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून तातेयामाचा डोंगर दिसला, माथ्यावर बर्फ घेऊन.

"हा इथून दिसतो?" मास्तर म्हणाले.

"मलाही माहीत नव्हतं," ममा म्हणाल्या. "खिडकीचा पडदा कधी उघडलाच नाही."

मी बोलले ते तेव्हाच. उन्हात बोलायला मला सोपं जातं.

"ममा, मला ती रात्र नकोच आहे. तो झगाही नको. मला दुपार हवीय. आमच्या पाळीच्या बायका दोनला सुटतात. आयको-सान आहे, नेपाळची सुमित्रा आहे, दोघी ब्राझीलच्या आहेत. दिवसभर उभ्या असतात. घरी गेल्या की पुन्हा उभ्या. मध्ये कुठे बसायचं, तर किराणा दुकानाबाहेरच्या कठड्यावर डबा खातात. त्यांना इथे बसवायचंय. गरम रुमाल द्यायचा, एक गाणं म्हणू द्यायचं, पाचला घरी पाठवायचं. दारू हवी तिला दारू, चहा हवा तिला चहा."

"आणि आम्हाला?" मास्तरांनी घाईने विचारलं.

"तुम्हाला कोण अडवतंय? कोट तेवढा घालू नका."

मी काउंटरच्या आत गेले, मास्तरांना बाहेर काढलं, त्यांनी पेन्सिलीने बिघडवलेलं पेय ओतून टाकलं आणि नवीन केलं. बर्फ, व्हिस्की, पाणी. सावकाश ढवळलं. ग्लास पुसून ममांपुढे ठेवला आणि त्यांच्यासमोरचं तळंही पुसलं.

त्यांनी एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं.

"बर्फ जास्त झालाय," त्या म्हणाल्या. "बायका दुपारी एवढं गार पीत नाहीत. घसा बसतो, मग गाणार कशा?"

"किती घालू?"

"निम्मा. आणि खुर्च्या उंच आहेत. दिवसभर उभं राहिलेल्या बाईचे पाय जमिनीला लागले पाहिजेत." त्यांनी आपले लोंबते पाय एकदा बघून घेतले. "हे मला आज कळतंय."

शेठ म्हणाले, "माझ्याकडे एक सुतार आहे. सोमवारी पाठवतो."

"मी तिला अजून हो म्हटलेलं नाही."

"बरं. मग मंगळवारी पाठवतो."

ममांनी त्यांच्याकडे बघितलं, मग डोंगराकडे, मग मास्तरांकडे. मास्तर कोपऱ्यात कोट काढून मांडीवर घेऊन बसले होते.

"मास्तर, ते गाणं लावा," ममा म्हणाल्या. "आज कुणी बर्फ मागू नका."

मास्तर उठले. आवाज आता फाटतो, वरचा सूर लागत नाही, मधल्या ओळी ते विसरतात आणि पडद्यावर बघायचा त्यांना अपमान वाटतो. ममा दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत होत्या. रुमाल काउंटरवर पडून होता. ग्लासांवर पाणी जमलं, ओघळलं, लाकडावर गोल उमटले. त्यांनी हात लावला नाही. गाणं संपलं, त्यामागचं वाजणंही संपलं.

"शेवट असा आहे होय?" त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, ती परत येत असेल."

"नाही येत," मास्तर म्हणाले. "पण तो वाट बघतो, ते छान आहे."

"ते तुम्हाला छान वाटणारच."

निघताना ममांनी फळीवरची दुकानाची किल्ली उचलली नाही. मी ती घेतली आणि त्यांना हात देऊन जिना उतरवला. खाली रस्ता नेहमीसारखा तांबूस होता. हिवाळ्यात बर्फ वितळवायला जमिनीतलं लोह असलेलं पाणी फवारतात, त्याचा गंज कधी जातच नाही. त्यावर ऊन पडलं होतं.

आमच्याकडे रीत अशी की पाहुणा निघाला की ममाने रस्त्यापर्यंत यायचं आणि तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत वाकून उभं राहायचं. ममांनी हे किती जणांसाठी केलं असेल. भर पावसात, ताप अंगात असताना, पुन्हा कधीच न आलेल्या माणसांसाठीसुद्धा. त्यांच्यासाठी कुणी केलं असेल, असं मला वाटत नाही.

"येते," त्या म्हणाल्या. "मंगळवारी. त्या सुतारावर लक्ष ठेवायला."

"या. जिना जपून."

"मला सांगतेयस?"

त्या चालू लागल्या. मी वाकले, हात मांड्यांवर, नजर माझ्या बुटांवर. काठीचा आवाज लांब जात होता. कोपऱ्याच्या आसपास तो थांबला. मला कळलं, त्यांनी मागे वळून पाहिलंय, मी सरळ झालेय की काय ते बघायला. पाठीत कळ येत होती. मी तशीच राहिले. मग काठी पुन्हा वाजू लागली.