पावलांचे तापमान

त्या वर्षीच्या हिवाळ्याने हवामानवेड्यांच्या तोंडाला पाने पुसली.

आकाश रोज तेच. धुतलेल्या पण न वाळलेल्या चादरीसारखे. वारा नाही, धुके नाही, एखादी चुकार सरही नाही. पहाटे पारा जिथे असे, तिथून दुपारपर्यंत तो जेमतेम हले. शहरातल्या इतर माणसांचे स्वेटर कपाटातच राहिले आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण गच्चीवर तापमापक टांगून त्याची वाचने एकमेकांना कळवण्यात ज्यांची सकाळ जाते, अशा दहाबारा जणांच्या मंडळात सुतकी कळा आली होती. नाटकाचे तिकीट काढावे आणि शेवटपर्यंत पडद्याकडेच बघत बसावे, तशी त्यांची गत झाली.

निराश माणूस आधी दुसऱ्यावर संशय घेतो. दुसरे कुणी हाताशी नसेल तर यंत्रावर. मंडळींनी आपापले तापमापक खिळ्यावरून उतरवले आणि तपासनिसाकडे आणले.

तपासनीस मंडळाचाच सभासद होता. पोटापाण्यासाठी तो एका प्रयोगशाळेत तापमापक तपासून देई: रुग्णालयांचे, शीतगृहांचे, औषधांच्या गोदामांचे. पद्धत जुनी आणि निर्विवाद होती. शुद्ध पाण्याचा बर्फ बारीक फोडून रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये ठासायचा, त्यात थोडे गार पाणी ओतायचे आणि तापमापक खोचायचा. बर्फ आणि पाणी एकत्र नांदत आहेत तोवर तिथे शून्य अंश असते. त्यात मतभेदाला जागा नाही. जो शून्य दाखवत नाही तो खोटा.

"माझा नक्कीच बिघडलाय," दंतवैद्य म्हणाला. तो मंडळातला सर्वांत उतावळा. "हिवाळा सरत आला तरी दहाच्या खाली यायचं नाव नाही."

"नाचता येईना अंगण वाकडं," भूगोलाच्या निवृत्त बाई म्हणाल्या. "टांगलाय कुठं, ते आधी सांगा. एसीच्या पाठीमागे?"

"बाई, मी काय पहिलीतला पोरगा आहे?"

"छे. त्या पोरांना शिकवता तरी येतं."

तपासनिसाने एकेक तापमापक बर्फातून काढला, भिंगातून पाहिला आणि ओळीने मांडून ठेवला. "सगळे ठीक आहेत," तो म्हणाला. "थंडीच आलेली नाही."

हे सांगताना त्याच्या आवाजात जे समाधान होते, ते कुणाच्या लक्षात आले नाही. मंडळी चहा पिऊन, हिवाळ्याच्या नावाने बोटे मोडत निघून गेली. जाता जाता दंतवैद्याने त्याच्या पाठीवर थाप मारली. "दव गोठू दे एकदा, मग बघतो तुला. या वर्षी तुझं सिंहासन खाली करतो."

सिंहासनाची गोष्ट अशी, की मंडळाने स्वतःपुरता एक खुळा रिवाज पाडला होता. वर्षात पहिल्यांदा गवतावर दव गोठले, की सर्वांनी फुटबॉलच्या मैदानावर जमायचे, जोडे-मोजे काढायचे आणि त्या पांढऱ्या गवतावर उभे राहायचे. जो शेवटी बाहेर येईल तो त्या वर्षाचा राजा. मागच्या वर्षी तपासनीस राजा झाला होता. बाकीचे ओरडत, उड्या मारत काठावर पळाले तरी तो मैदानाच्या मधोमध उभा राहून ढगांचे प्रकार समजावून सांगत होता.

या वर्षी मात्र दव गोठू नये अशी त्याची इच्छा होती, आणि तिचे कारण त्याने कुणाला सांगितले नव्हते.

उन्हाळा संपताना त्याला प्रथम असे वाटू लागले, की आपण पायांत पातळ मोजे घातले आहेत. खाली पाहावे तर पाय उघडे. मग सकाळची फरशी गार लागेनाशी झाली. शिक्षण विज्ञानाचे असल्यामुळे त्याने दोन शक्यता शेजारी शेजारी ठेवल्या: एक तर फरशी गार नाही, किंवा पायांना कळत नाही. आणि मग हा हिवाळा आला. मंडळातला जो तो म्हणू लागला, की यंदा थंडीच नाही. प्रत्येकाची तक्रार हा तपासनिसाच्या बाजूने पडलेला एकेक पुरावा होता. काही वर्षांपूर्वी रक्तातली साखर मधुमेहाच्या काठावर आली होती खरी. पण एका वाचनावर निष्कर्ष काढत नाहीत, म्हणून ते वाचन त्याने यंत्राच्या त्रुटीत जमा केले होते. दुसरे वाचन घ्यायचे राहून गेले. जगभरच्या यंत्रांचे शून्य तपासणाऱ्या माणसाने स्वतःला एकदाही बर्फाशी ताडून पाहिले नव्हते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

घरात तो आणि त्याची ताई. ताई कपडे मापाचे करून देई: कुणाच्या कोटाची बाही लांब, कुणाची कंबर वाढलेली. पुढच्या खोलीत तिचे शिवणयंत्र, मोठे टेबल आणि जमिनीवर चिंध्यांचा सडा. एका संध्याकाळी तो त्या खोलीतून पाणी आणायला स्वयंपाकघरात गेला आणि परत येऊन खुर्चीत बसला, तेव्हा ताई यंत्र थांबवून त्याच्या पायाकडे बघत राहिली.

"पाय वर कर."

"का?"

"कर म्हणते ना."

टाचेत टाचणी होती. डोके तेवढे बाहेर, बाकी सगळी आत. ताईने ती नखांत धरून ओढली. रक्ताचा थेंब आला, फुगला आणि ओघळला. तपासनीस ते असे पाहत होता, जणू शेजारच्या माणसाचा पाय आहे.

"दुखलं नाही?"

"टाचेची कातडी जाड असते."

"माझ्याशी बोलतोयस, तुझ्या त्या मंडळाशी नाही." ताईने टाचणी टेबलावर ठेवली. "बाबाही हेच म्हणायचे."

बाबांनी एका हिवाळ्यात, पाय शेकावेत म्हणून, गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडले होते आणि वर्तमानपत्र वाचत बसले होते. पाणी किती गरम आहे, हे त्यांना कळले नाही; ताईने येऊन पाहिले तेव्हा कातडी पाण्यावर तरंगत होती. जखम भरली नाही. आधी बोटे गेली, मग पाऊल, मग गुडघ्याखालचे सगळे. पट्ट्या ताईनेच बदलल्या होत्या. तो त्या वेळी परगावी शिकत होता आणि पत्रांतून उष्णतेच्या वहनाबद्दल लिहीत होता.

"डॉक्टरकडे चल."

"जाऊ ना. एकदा थंडी पडू दे. गवतावर उभा राहीन. गार लागलं तर प्रश्नच मिटला."

"आणि नाही लागलं तर?"

तो टेबलावरची चिंधी घेऊन टाच पुसू लागला.

"कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही," ताई म्हणाली आणि यंत्र चालू केले. पण शिवण वाकडी जात होती, हे त्याला बसल्या जागेवरून दिसत होते.

त्यानंतर तो भिऊ लागला. ती भीती आरडाओरडा करणारी नव्हती. घरात कुणी परके माणूस राहायला यावे आणि त्याने कधीच काही बोलू नये, तशी होती. जोडे घालण्याआधी तो ते उलटे करून झटकू लागला. अंघोळीच्या पाण्यात आधी कोपर बुडवू लागला. मोजे काढताना तळवे न पाहता काढण्याची कला त्याने साध्य केली. ताईने टाचेला औषध लावले की तो पेपर तोंडासमोर धरी. मग बाबांची आठवण होऊन पेपर खाली ठेवी.

अशात अंदाज आला, की उत्तरेकडून थंडीची लाट येते आहे. मंडळात जान आली. बाई नकाशे धाडू लागल्या, दंतवैद्याने रुग्णांच्या भेटी पुढे ढकलल्या. "आली रे आली," त्याने फोनवर सांगितले. "परवा पहाटे मैदानावर. राजेसाहेब, जोडे काढायची तयारी ठेवा."

तपासनिसाने नकाशा पाहिला. समताप रेषा, म्हणजे सारखे तापमान असलेली गावे जोडणारी निळी रेषा, त्यांच्या शहराकडे सरकत होती. आयुष्यभर त्याने अशा रेषांची वाट पाहिली होती. आज पहिल्यांदाच ती आपल्यावर चाल करून येते आहे असे त्याला वाटले.

लाट आली नाही. ऐन वेळी ढग आले, जमिनीतली ऊब ढगांनी अडवून धरली आणि पहाट पुन्हा कोमट, राखाडी, निर्विकार उगवली. मंडळींनी कपाळाला हात लावला. तपासनीस मात्र गॅलरीत उभा राहून त्या ढगांकडे कृतज्ञतेने पाहत राहिला. आणि आपण कृतज्ञ आहोत हे ज्या क्षणी त्याला कळले, त्या क्षणी तो गॅलरीतून आत आला. प्रयोग झाला नाही म्हणून सुटलो असे वाटणारा माणूस निकाल जाणून असतो.

दंतवैद्याचा फोन आला. "संपलं. हा हिवाळा मेला. या वर्षीही तूच राजा, स्पर्धेशिवाय."

"हं."

"खरं सांग, मागच्या वर्षी कसं जमवलंस? माझी बोटं दोन दिवस सुन्न होती. मी काठावरून तुझ्या तोंडाकडे बघत होतो. एक आठी नाही. जिन्यात उभं राहून गप्पा माराव्यात तसा. सराव करतोस का काय?"

तपासनिसाने फोन कानापासून दूर धरला. मागच्या वर्षीची पहाट त्याला लख्ख आठवली: पांढरे गवत, ओरडणारी माणसे, आणि आपण त्या वेळी मनात म्हणालो होतो ते, की ही मंडळी उगाच नाटके करतात. म्हणजे तेव्हापासून. वर्षभरापूर्वीच त्याला निकाल मिळाला होता, आणि त्याने तो टाळ्यांसह स्वीकारला होता.

तो पुढच्या खोलीत गेला. "ताई, आज लॅबला सुट्टी आहे. माझ्याबरोबर येतेस?"

ताईने कशाला म्हणून विचारले नाही. तिने तोंडातल्या टाचण्या काढून सुयांच्या उशीत खोचल्या आणि चपला घातल्या.

प्रयोगशाळेत दुपारचा उजेड टेबलापर्यंत आला होता. त्याने बर्फ फोडला, थर्मास भरला.

"पाय बर्फात घालायचा नाही," ताई म्हणाली. "कळत नसेल तर तो बर्फही भाजेल."

"नाही घालत." त्याने पोलादाच्या दोन सारख्या कांड्या घेतल्या. एक थर्मासमध्ये खोचली, दुसरी कोमट पाण्याच्या पेल्यात. "मी डोळे मिटतो. तू यातली कोणतीही एक लाव, तुझ्या मनाला येईल ती. मी सांगतो, गार की गरम. बरोबर-चूक काही बोलायचं नाही. आधी हातावर."

हातावर त्याने एकही उत्तर चुकवले नाही. गुडघ्यावरही नाही. त्याचा आवाज मोकळा झाला. "बघितलंस? आता तळवा." तो खुर्चीत मागे रेलला, पाय स्टुलावर ठेवला, डोळे घट्ट मिटले.

बाहेर कुणीतरी सायकल लावली. कपाटातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. ताई कांडी पुसत असणार, नीटनेटकी आहे ती, असे त्याच्या मनात आले.

"लाव ना, ताई."

उत्तर आले नाही.

"अगं, लाव की. मी तयार आहे."

"लावलीय," ताई म्हणाली. तिचा आवाज फार हळू होता. "केव्हाची लावलीय."

त्याने डोळे उघडले. बर्फातली कांडी त्याच्या तळव्यावर टेकलेली होती आणि ती धरलेली ताईची बोटे गारठून लाल झाली होती.

मग ताईने कांडी थर्मासमध्ये पुन्हा बुडवली, बाहेर काढली आणि घोट्यावर ठेवली. "इथं?" नाही. थोडी वर. "इथं?" नाही. पोटरीच्या पायथ्याशी, घोट्याच्या चार बोटे वर, त्याचा पाय आपोआप आखडला. गार, असे तो म्हणाला; तो शब्द इतका सुखाचा असू शकतो हे त्याला ठाऊक नव्हते. ताईने टेबलावरचे पेन उचलले आणि त्या जागी रेघ ओढली. दुसरा पायही तपासला; त्यावरही तेवढ्याच उंचीवर रेघ आली. वर थंडी होती. खाली कोणतेही हवामान नव्हते.

"पुन्हा घे," तो म्हणाला. "एका वाचनावर निष्कर्ष काढत नाहीत."

तिने पुन्हा घेतले. मग तिसऱ्यांदा घेतले. रेघा एकमेकींवर पडल्या. इतकी जुळणारी वाचने त्याला कोणत्याही यंत्राने दिली नव्हती, आणि नोकरीच्या इतक्या वर्षांत ती जुळल्याचे दुःख त्याला प्रथमच झाले.

"बाबांच्या पायांवर अशी रेघ कुणी ओढली नव्हती," ताई म्हणाली. "पोटरीला जाग आहे तुझ्या. टाच भरत आलीय. आता लाव फोन."

त्याने डॉक्टरांना फोन लावला. काय होते आहे हे सांगताना त्याची जीभ अडखळली, म्हणून त्याने अहवाल द्यावा तसे सांगितले: दोन्ही पाय, घोट्याच्या वर चार बोटांपर्यंत, गार कळत नाही, टाचणीही कळली नाही, वडिलांचा पाय कापावा लागला होता. पलीकडून विचारणा झाली, हे केव्हापासून. तो म्हणाला, "निदान मागच्या हिवाळ्यापासून." आताच या, असे उत्तर आले, आणि अनवाणी येऊ नका.

ताईने मोजे त्याच्या पायांत चढवले. आत काही नाही ना, हे तिने जोड्यांत हात घालून पाहिले. दोघे जिन्याशी आले. इतकी वर्षे तो हा जिना न बघता उतरला होता. आज त्याने कठडा धरला, दुसऱ्या हाताने ताईचा दंड धरला आणि पहिल्या पायरीवर पाऊल टाकले. ते टेकले की नाही हे त्याला कळेना. त्याने खाली वाकून पाहिले. टेकले होते. मग त्याने दुसरे टाकले, आणि पुन्हा पाहिले.